शिपायाला आधी कळतं

दिगंबरनाना माणसाला चेहऱ्याने ओळखत नसत. जळगावच्या बसस्टँडमागे, जिन्याखालच्या खोलीत त्यांची लघवी-रक्त तपासायची लॅब होती. रस्त्यात नमस्कार केला की ते डावा डोळा मिटून बघत आणि म्हणत, "हां, मंगळवारची बाटली. किंचित गढूळ." तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला उजवा डोळा लावून त्यांचा डावा कायमचा अर्धा मिटला होता. आपल्या तळाशी काय बसलंय ते हा माणूस उभ्या उभ्या बघतोय, असं वाटे. लोक त्यांना पाहून रस्ता ओलांडत.

त्याला आणखी एक कारण होतं. बाटलीत काही वाईट सापडलं तर नाना रिपोर्ट पाठवत नसत, स्वतः येत. रबरी चपलांचा आवाज होत नसे. तोवर आमच्या गल्लीत ते दोन दारांत उभे राहिले होते, आणि दोन्ही घरी आम्ही वर्षाच्या आत तेराव्याला जेवून आलो होतो. दोघांनीही त्यांचं ऐकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी दुपारी दारात सावली पडली की मी आधी चपला रबरी आहेत का ते बघे.

माझ्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणे, मीही. तिला साखर होती आणि तिची बाटली दर महिन्याला नानांकडे जाई. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने आमरस आणि खापरावरची पुरणपोळी अशी हाणली की दुसऱ्या दिवशी स्वतःची बाटली द्यायचं धैर्य होईना. तिने सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, पुढे केलं. "तूच भरी दे, सुमन. त्या कान्याले काय समजस?"

त्याच दुपारी, कुत्रंही रस्त्यावर नव्हतं अशा उन्हात, नाना दारात उभे. अक्का आत पळाली.

"भाऊ, अक्कांची लघवी निळ्या औषधात उकळली की विटकरी होते. पंधरा वर्षं झाली. आज निळीच राहिली."

"म्हणजे साखर गेली?"

"साखर नाही, अक्का गेल्या."

आत भांडं पडलं.

"बाटलीतून," नाना शांतपणे म्हणाले. "ही दुसऱ्या कुणाची आहे. ज्यांची आहे, त्या दुखण्यावरच्या गोळ्या किती घेतात?"

सुमन माठाजवळ उभी होती. माठावर झाकण ठेवून म्हणाली, "दोन. कधी तीन. रोज. डोक्यासाठी."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तिचं डोकं दुखतं, हे मला माहीत नव्हतं.

"मूत्रपिंड म्हणजे चाळणी. तिचं अस्तर झडून बाटलीत उतरायला लागलंय," नाना म्हणाले. "गोळी आजपासून बंद."

मी पितळी पाटीवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं. ते चोख निघालं. "बाटल्या उकळणाऱ्याचं काय ऐकता?" ते हसून म्हणाले.

मी हे नानांना सांगितलं. "रक्त म्हणजे साहेब, भाऊ. निम्मं ऑफिस जळालं तरी साहेबांच्या केबिनमध्ये सगळं ठीक असतं. लघवी म्हणजे शिपाई. त्याला आधी कळतं."

मी कचेरीतला कारकून. मला हे डॉक्टरांपेक्षा लवकर पटलं.

गोळी बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस सुमन कपाळाला फडकं आवळून, भिंतीकडे तोंड करून पडून असे. अक्का मुकाट्याने भाकरी थापे. दर गुरुवारी मी सुमनची बाटली पोचवी. नाना डोळा लावत आणि म्हणत, "अजून आहे." पाऊस संपला तरी "अजून आहे".

दिवाळीच्या आधी ते खुर्चीवरून उठले. "बघा."

मी डोळा लावला. नुसता उजेडाचा गोल होता.

"काही दिसत नाही, नाना."

"तेच दाखवतोय."

मी उठलो. "म्हणजे आता गुरुवारी यायला नको."

नाना काच पुसत होते. ती स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

"गरज नाही," ते म्हणाले. "पण पाठवत जा, भाऊ. इथे दिवसभर असं निर्मळ काही येत नाही."

घरी येऊन मी सुमनला सांगितलं. गुरुवारी सकाळी बाटली धुऊन, भरून, कागदात गुंडाळून दाराशी ठेवलेली होती.