डाव्या स्टेअरिंगचे जनूशेठ

जनूशेठ कुणाच्याही गाडीत बसायला निघाले की आधी पुढचं डावं दार उघडतात, आत वाकून बघतात, तिथं स्टेअरिंग नाही हे दिसलं की दार धाडकन आपटतात आणि मगच मागं जाऊन बसतात. कुणाच्याही म्हणजे कुणाच्याही. मुलाच्या, जावयाच्या, भाड्याच्या टॅक्सीच्या. मागं एकदा प्रेशर वाढून त्यांना चक्कर आली तेव्हा अँब्युलन्स बोलावली. दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलेलं. शेठ त्यावरून उतरले, चालत पुढं गेले, डावं दार उघडलं, बघितलं, आपटलं आणि परत येऊन स्ट्रेचरवर आडवे झाले.

"चला आता," म्हणाले, "हीपन तसलीच हाय."

तसली म्हणजे उजव्या स्टेअरिंगची. म्हणजे आपल्या देशात जेवढ्या गाड्या फिरतात तेवढ्या सगळ्या. शेठचा त्या सगळ्यांवर राग आहे.

शेठची स्वतःची गाडी डाव्या स्टेअरिंगची. करावे गावात, सीवूड्सच्या टॉवरांच्या सावलीत त्यांची तीनमजली चाळवजा बिल्डिंग आहे, तिच्या खाली पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. जुनी अमेरिकन, होडीएवढी लांब, काळ्या जांभळासारख्या रंगाची. कंपनीचं नाव विचारलेलं शेठना आवडत नाही. "मानसाला बापाचं नाव इचारतो का आपन पयल्या भेटीत?" असं म्हणतात. गावातल्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या तेव्हा शेठ तरुण होते. कुणी घर बांधलं, कुणी बुलेट घेतली, शेठ मुंबईला गेले आणि मायदेशी परत निघालेल्या कुण्या गोऱ्या साहेबाची ही गाडी घेऊन आले. स्टेअरिंग भलत्या बाजूला म्हणून तिला कुणी हात लावत नव्हतं. शेठनी लावला. वडील तीन महिने बोलले नाहीत.

मी त्यांची भाडेकरू. हिंगोलीकडची. शाळा सातवीत सुटली, शिवण तेवढं हातात होतं, त्यावर इथं आले. नेरूळला गाड्यांची सीट कव्हरं शिवायच्या दुकानात काम मिळालं, पण खोली मिळेना. जो तो विचारी, कागद काय आहेत, ओळख कुणाची आहे, नवरा कुठं आहे. जनूशेठनी एकच विचारलं, "कातडं शिवतेस का नुसतं रेग्झिन?" म्हटलं, दोन्ही. "मंग वरती तिसऱ्या माल्यावर जा. कुलूप नाय त्याला, लाथ मारलीस का उघडतं."

मी थँक्यू म्हटलं तर अंगावर आले. "थँकू माज्या घरात बोलायचं नाय. थँकू बोलून माघारी फिरतात लोक." तेव्हापासून मला ते हिंगोली म्हणतात. भाडेकरूंना ते जिल्ह्यानंच हाक मारतात. खाली सातारा राहतो, त्याच्या शेजारी दोन जळगाव आहेत.

त्यांच्या गाडीची पुढची सीट सलग आहे, बाकासारखी. ती पुरी उसवून नवी करायची असं मी धरून चालले होते. मी उजव्या बाजूच्या शिवणीला कात्री लावली मात्र, शेठ असे ओरडले की जळगाव बाहेर पळत आले.

"तिकडला नाय! डावीकडला कर फकस्त. उजवीकडं खड्डा पडलाय त्याला हात लावायचा नाय."

"अहो शेठ, अर्धी सीट नवी, अर्धी जुनी, कसं दिसंल?"

"दिसू दे. बाजू बदलली का मानूस गेला."

हे त्यांचं पालुपद. पक्ष सोडलेल्या नगरसेवकाला, भांग उजवीकडून डावीकडं पाडायला लागलेल्या नातवाला, फ्रिज या भिंतीचा त्या भिंतीला नेलेल्या सुनेला, सगळ्यांना एकच. बाजू बदलली का मानूस गेला. सून तर म्हणते, हे सरणावरसुद्धा कुशीवर वळू देणार नाहीत.

वाशीला एकदा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. शेठ गाडी घेऊन गेले, मलाही नेलं. शेजारी एका टोपीवाल्या साहेबांची तशीच लांबलचक गाडी उभी होती. लोक फोटो काढत होते. शेठनी खिडकीतून बघितलं आणि त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली. स्टेअरिंग उजवीकडं.

"हे कुनी केलं?"

"मीच करून घेतलं," साहेब कौतुकानं म्हणाले. "राइट हॅन्ड कन्व्हर्जन. डॅशबोर्ड कापला, पेडलं इकडून तिकडं नेली, स्टेअरिंग बॉक्स नवा. आता ओव्हरटेक करताना समोरचं दिसतं. सेफ्टी महत्त्वाची ना?"

"तुमाला दिसावं म्हनून तिचा डॅशबोर्ड कापला?"

"अहो काका, गाडीच आहे."

"उद्या तुमाला ऐकू नाय आलं तर बायकोची जीभ कापाल!"

मग जे काय झालं ते मी सांगत नाही. आयोजकांनी आम्हाला गेटबाहेर काढलं. मी सगळ्यांना सॉरी म्हणत मागं मागं चालत होते. शेठ मलाच ओरडले, "सॉरी कनाला बोलतेस? तुनी काय कापलंस?"

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मात्र सांगायला हवं. डावीकडं बसून आपल्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडलं काही दिसत नाही. त्याच्या उजवीकडं बसलेल्या माणसानं बघायचं आणि सांगायचं. शेठच्या उजवीकडं त्यांच्या बायको हिरामावशी बसत. लग्नानंतर खाडीत होडी घेऊन दोघं जात तेव्हाही हीच रीत. शेठ मागं वल्ह्यावर, मावशी पुढं टोकाला, नाळेवर. पाण्यात जाळ्याचे खुंट रोवलेले असतात, भरतीत ते दिसत नाहीत. मावशी पाण्याकडं बघून आवाज द्यायच्या. खुंट असला की "हाय", नसला की "मोकलं". गाडी आली तशी तीच रीत रस्त्यावर आली. शेठ विचारणार, "कसं?" मावशी उजव्या खिडकीतून मान बाहेर काढणार. "हाय." की शेठ मागं. "मोकलं." की शेठ ट्रकला मागं टाकून पुढं.

टोलनाक्यावर हात मावशींचा. सिग्नलला पोलीस यायचा तोही उजव्या खिडकीशी, मावशींकडं लायसन मागायचा. मावशी म्हणायच्या, "मी बघते फकस्त. चालवतो तो तिकडं बसलाय." पोलिसाला हे पचेपर्यंत सिग्नल सुटलेला.

दर रविवारी सकाळी ते दोघं द्रोणागिरीच्या बाजूला फेरी मारायला जात. दोन वर्षांपूर्वी अचानक शेठनी मला फर्मावलं, "हिंगोली, रविवारी मागं बसायचं. उजवीकडं, मावशीच्या पाठी."

"मी कशाला शेठ?"

"मागं वजन पायजे. नायतर गाडी उडते."

माझं वजन त्रेचाळीस किलो. पण खोली त्यांची. मी बसले. मला तशीही प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, गॅसचं बटण मी तीनदा बघून येते, त्यात ही गाडी. दर रविवारी मी सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसायची.

असाच एक रविवार. दोन पदरी रस्ता, पुढं कंटेनरचा ट्रेलर. शेठनी विचारलं, "कसं?" मावशींनी मान बाहेर काढली. समोरून डंपर येत होता. एवढा मोठा, पिवळा, लाइट लावलेला.

"मोकलं," मावशी म्हणाल्या.

शेठनी गाडी उजवीकडं काढली आणि मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही, बहुतेक आईला हाक मारली. शेठनी गाडी परत आत खेचली, डंपर आरशाला चाटून गेला. बाजूला थांबून शेठ उतरले आणि डंपरला, रस्त्याला, सरकारला शिव्या घातल्या. मग माझ्याकडं वळले. "वरडतेस कनाला? कानाचा पडदा फाडलास माज्या!"

माझं डोकंच फिरलं. तिघांचा जीव गेला असता आणि यांना कानाचा पडदा! पण मी बघितलं, मावशी दाराचं हॅन्डल चाचपत होत्या. हॅन्डल समोर होतं. त्यांचा हात खालीवर फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कुणाला न सांगता नेरूळला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घाला. समोरचं थोडं धूसर दिसत होतं, बाजूचं काहीच नाही. घरात सगळं सवयीनं चाललेलं, म्हणून कुणाला कळलं नव्हतं.

रिक्षात मावशींनी माझा हात गच्च धरला. "किरनला बोलू नकोस. चाक इकडं करंल तो. मंग मी कुठं बसू?"

किरण त्यांचा मुलगा. वाशीला राहतो, ट्रेलर चालवायचा धंदा आहे. मी म्हटलं, "मावशी, शेठना तरी सांगा."

"त्याला तर नायच नाय."

मला दोघांचाही राग आला. आणि गप्प बसले म्हणून माझाही. पण पुढच्या रविवारपासून मी मागून त्यांच्या उजव्या खांद्यावर, दाराच्या बाजूनं, शेठना दिसणार नाही अशी टिचकी मारायला लागले. दोन टिचक्या, हाय. एक टिचकी, मोकलं. मी घाबरट, त्यामुळं एक टिचकी फार क्वचित. शेठ एका ट्रॅक्टरच्या मागं उरणपर्यंत गेले, शिव्या देत. पण एकदाही म्हणाले नाहीत की बाई, आज काय झालंय तुला.

मग किरण आला. डंपरवाला त्याच्या ओळखीचा निघाला, उशिरा का होईना बातमी पोचली. किरणबरोबर मेकॅनिक होता, टेम्पोत उजवीकडचं सगळं सामान. अख्खी बिल्डिंग कठड्यावर आली.

"पप्पा, बस झालं. आजच्या आज स्टेअरिंग फिरवायचं. नायतर गाडी विकतो."

"हात लावून बघ. तुज्या टेम्पोला काडी लावतो."

"तुम्ही मरा हो, आईला कशाला मारताय? आणि मला सांगा, आई बघत होती ना? समोरून डंपर येतोय, मग आईनं सांगितलं कसं नाय?"

मावशी पायरीवर बसल्या होत्या, त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. किरण त्यांच्याकडं वळला. "आई, तुला दिसलं नाय का?"

खोली जाईल, जाऊ दे, म्हटलं, काहीतरी बोलावं. मी बोलायला तोंड उघडलं.

"तिनी 'हाय' बोल्ली व्हती," शेठ म्हणाले. "मोठ्यानी बोल्ली. मीच ऐकलं नाय. चूक माजी."

जळगावपैकी एक जण खाली बसला. चार वर्षं मी तिथं राहते, शेठच्या तोंडून 'चूक माजी' कुणी ऐकलं नव्हतं. सुनेनं नंतर सांगितलं की तिनं वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि मी तर गाडीत होते. मावशी काय बोलल्या ते मला माहीत होतं. म्हणजे शेठनाही.

किरणचा आवाज उतरला, पण हट्ट नाही. "तुम्हाला ऐकू येत नाय, मग तर फिरवायलाच पाहिजे."

शेठ शेडच्या दारात उभे होते. रागानं लालबुंद. "मेन रोडला नाय काढनार. आजपासून नाय. गावातनं जेट्टीपर्यंत, बस. पन चाक हाय तिथं राहील."

"नक्की?"

"मी बाजू बदलनारा मानूस हाय का?"

टेम्पो परत गेला. ज्या माणसानं गाडीसाठी तीन महिने बापाचा अबोला सोसला, त्यानं रस्ता सोडला.

आता दर रविवारी आम्ही गल्लीतून जेट्टीपर्यंत जातो, पायी माणूस पुढं जाईल अशा वेगानं. समोर कोंबड्या, उभ्या स्कूटर, पाण्याचा टँकर. शेठ तरी विचारतात, "कसं?" आणि सगळ्यांना शिव्या देतात, कोंबड्यांना धरून.

मागच्या रविवारी जेट्टीवर मावशी मासळी निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसल्या. गाडीत मी आणि शेठ. आरशात न बघता ते खेकसले, "ए हिंगोली."

"काय शेठ?"

"बाजू बदल."

मला वाटलं मला पलीकडं सरकायला सांगतात. सरकायला लागले.

"तू नको ग. हात. उजवा खांदा दुकतो तिचा, दोन वर्सं तिकडंच मारतेस. डाव्यावर मार. आनि हलू मार, दार वाजवल्यासारकी नको."

"तो... तुमच्या बाजूचा खांदा आहे शेठ. तुम्हाला दिसंल."

"दिसू दे."

मी थँक्यू म्हणणार होते, गिळलं. रागही आला होता. बघायला मागं बसवून, दोन वर्षं माझा जीव टांगणीला लावून हा माणूस मला वजन म्हणत होता.

मावशी आल्या, चाचपत, सीटच्या त्या खड्ड्यात अलगद बसल्या. शेठनी गाडी वळवली. गल्लीच्या तोंडाशी विचारलं, "कसं?"

गल्ली रिकामी होती. मी मावशींच्या डाव्या खांद्यावर हळू एक टिचकी मारली.

मावशी थबकल्या. मान खिडकीकडं न्यायची ती त्यांनी शेठकडं वळवली. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला, शेठ त्याच्यावर ओरडले, आणि पुन्हा विचारलं, जरा हळू.

"मोकलं," मावशी म्हणाल्या.