पन्नी काढण्याचा अधिकार

साहेब, नऊ महिने तुम्ही एका बाईचं आयुष्य पन्नीखाली झाकून ठेवलं. आधी एवढं कबूल करा, मग आम्ही तुमचं कौतुक करतो. कौतुक करण्यासारखं पुष्कळ आहे.

कोणतीही वस्तू तिच्यावरची पन्नी निघेपर्यंतच नवी असते. हे सत्य आपल्या जिल्ह्यात लेकराबाळांनाही ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या सीटवरची पन्नी आपोआप फाटेपर्यंत कोणी काढत नाही. फ्रीजच्या दारावरची कडेनं काळी पडते आणि फ्रीजसोबतच भंगारात जाते. दिवाणावरच्या गादीची पन्नी रात्रभर करकर वाजते, पाहुण्याला झोपू देत नाही (पाहुणा लवकर जातो, हा जोडफायदा). शासनानं हे लोकज्ञान उचलून आरोग्यसेवेत आणलं, एवढंच.

उंद्रीच्या जनकाबाईचा या शास्त्राशी संबंध आला तो डाव्या हातामुळे. तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. डायलिसिसच्या जाड सुईला हाताच्या शिरा दाद देईनात, म्हणून संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कोपराखाली, कातडीच्या आत, एक नळी बसवली. पांढरी, मऊ, करंगळीहून बारीक. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की, बाई, भाकरी न चिकटणाऱ्या काळ्या तव्यावर जो लेप असतो, त्याच जातीचं हे प्लास्टिक आहे. नळीच्या भिंतीत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा आहे. त्यामुळे रक्तातलं पाणी बाहेर पाझरत नाही.

नळीवर बोट ठेवलं की आत धावत्या रक्ताची थरथर लागायची. अर्ध्या उंद्रीनं बोट ठेवून पाहिलं आणि "मोटार चालू हाये" असा दाखला दिला. जनकाबाईचा नवरा इंद्रभान तर रोज सकाळी चहाच्या आधी हात लावायचा. थरथर लागली की म्हणायचा, "चाल, आज बी तुही कटकट आयकनं आलं."

आठवड्यातून तीनदा ती एसटीनं खामगावला जायची. जाताना अंगात साचलेल्या पाण्यानं पाय सुजलेले, येताना अंगात जीव नाही. अशात उंद्रीपासून जीपनं वीस मिनिटांवरच्या एका सरकारी दवाखान्यात (नाव लिहीत नाही, ज्याला लागलं त्यानं ओळखावं) डायलिसिसच्या दोन मशीन आल्या. पन्नीसकट.

नियम साधे होते. मशीनची चाचणी रोज व्हावी. चाचणी पन्नी न काढता व्हावी. रुग्ण जोडू नये, कारण रुग्ण जोडला की मशीन वापरलेली ठरते, आणि वापरलेल्या वस्तूचं उद्घाटन करायला लावणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. आणि उद्घाटनाच्या पाहुण्यांना वेळ मिळत नव्हता. धम्मदीप नावाचा तंत्रज्ञ रोज सकाळी पाणी शुद्ध करायचा, मशीन धुवायचा, चालवून पाहायचा आणि दुपारी पन्नीवरची धूळ पुसायचा.

निकाल थक्क करणारे होते. नऊ महिन्यांत एकही मृत्यू नाही. संसर्ग नाही. बिघाड नाही. स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. तक्रारी आल्या त्या फक्त बाहेरच्या लोकांच्या (म्हणजे रुग्णांच्या).

जनकाबाई दवाखान्याचे कार्यालयप्रमुख माणिकराव यांच्याकडे गेली.

"साहेब, मले इथंच लावून द्या ना. मशीन तं रोज चालू असते."

"चालू असते, बाई. पण अजून सुरू नाही झाली."

"पन्नीच काढाची हाये ना? माह्या हातातल्या नळीची पन्नी नर्सनं टरकन फाडली. कोनाले बलावलं नवतं."

माणिकराव एकदम गंभीर झाले. "म्हणजे ती नळी विनाउद्घाटन वापरात आहे?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "बोललात ते बोललात. पुन्हा कुठं बोलू नका."

अखेर एका गुरुवारी पाहुणे मिळाले. पहिली लाभार्थी म्हणून जनकाबाईला निरोप आला: खामगावला जाऊ नका, इथंच मशीन लागेल. ती आली. अकराचे पाहुणे चारला उगवले. त्यांनी पन्नी काढली, जनकाबाईच्या नळीवर हात ठेवून फोटो काढला, "थरथर जाणवते, हेच विकासाचं स्पंदन" असं म्हणाले आणि गेले. फोन उंचावून जमलेली गर्दी तेवढी खोलीतच राहिली.

जनकाबाईनं हात पुढे केला. तेवढ्यात माणिकराव सेलोटेप घेऊन आले आणि तीच पन्नी मशीनवर पुन्हा चिकटवू लागले.

"हे काऊन?"

"सोमवारी पक्षाच्या दुसऱ्या गटाचे पाहुणे आहेत, बाई. त्यांच्याही हातून निघाली पाहिजे. आपल्याला सगळे सारखेच."

खामगावची गाडी केव्हाच गेली होती. जनकाबाईच्या छातीत घरघर सुरू झाली होती, एकेका शब्दाला श्वास पुरत नव्हता.

"सोमवारपर्यंत... मी राहीन काय, साहेब?"

"पाहुणे तर नक्की आहेत," माणिकराव म्हणाले.

त्यावर जनकाबाई उठली. डावा हात पोटाशी धरला, उजव्या हातानं पन्नीचं टोक ओढलं, सेलोटेप निघेना तशी दातानं तोडली, आणि पन्नी माणिकरावांच्या पायाशी टाकली. मग खुर्चीत बसली. "लाव रे धम्मदीप." धम्मदीपनं माणिकरावांकडे पाहिलं, तिच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि हात धुवायला गेला.

चार तासांनी ती पायी चालत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिला नोटीस आली. सार्वजनिक पन्नीची नासधूस आणि अधिकार नसताना उद्घाटन, खुलासा करावा. मशीनना नवी, जाड पन्नी लागली, खोलीला कुलूप लागलं. धम्मदीपची बदली झाली. जनकाबाई पुन्हा खामगावच्या गाडीत.

तिचा पन्नी काढतानाचा व्हिडिओ गाजला. तुम्हीही पाहिला असेल. आपल्या फोनच्या काचेवरच्या पन्नीवरून बोट फिरवत पाहिला, अंगठा दिला आणि पुढे सरकलात. तो काढणारे चाळीस जण त्या खोलीत उभे होते. चाळीस जणांना ऐंशी हात, आणि पन्नीला सेलोटेपच्या चार पट्ट्या. एका हातानं काढली ती फक्त आजारी बाईनं.

खुलासा तिनं इंद्रभानकडून लिहून घेतला. "पन्नी मी काढली. नऊ महिने तुम्ही काऊन नाही काढली, ते सांगा."

हे 'तुम्ही' म्हणजे कोण, ते तिनं लिहिलं नाही. साहेब म्हणतात, प्रश्न जनतेला आहे. जनता म्हणते, साहेबांना. खामगावची गाडी शनिवारी सकाळी आहे, आणि बाईला परत तिच्यात चढायचं आहे.

बोला, कोण उत्तर देतं?