अध्यक्षांचं तेलुगू

"सिनेमाच्या खाली भाषांतराची अक्षरं लावू का?" मुलीनं विचारलं.

"मी असताना अक्षरं कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

झालं. माणसाचं वाटोळं व्हायला भूकंप-बिकंप लागत नाही, असं एखादं वाक्य पुरतं. तेही स्वतःच्याच तोंडचं.

अध्यक्ष म्हणजे चार मजल्यांच्या आणि सोळा बिऱ्हाडांच्या एका इमारतीचे अध्यक्ष. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या बैठकीला खिशात पेन असलेले ते एकटेच होते, म्हणून त्यांना अध्यक्ष केलं गेलं. मग कुणी काढलं नाही म्हणून राहिले. अकरा वर्षांत त्यांनी 'येथे खेळू नये', 'येथे उभे राहू नये' आणि 'येथे सूचना लावू नये' अशा तीन पाट्या लावल्या. लिफ्ट चौदा महिने बंद होती. तिच्यावरही एक पाटी होती : 'काम चालू आहे'. चालू एवढी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाटी.

आता पुढच्या रविवारी निवडणूक होती आणि तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांचा जाहीरनामा एका शब्दाचा होता. लिफ्ट. चौथ्या मजल्यावर राहणारी सगळी गुडघेदुखी त्यांच्या बाजूला गेली होती.

अध्यक्षांना हरायची भीती वाटत होती. (हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, दर तासाला आरशात बघून "घाबरतो की काय!" एवढंच म्हणत.) नोकरीतून निवृत्त झाल्यावर जगात त्यांची सही मागणारी ही एकच जागा उरली होती. खुर्ची गेली तर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, जायचं कुठं?

म्हणून त्यांनी युक्ती काढली. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी दुपारी, तळमजल्याच्या हॉलमध्ये, सगळ्यांना फुकट सिनेमा. लोक खूश, मतं खिशात. आणि सिनेमा कुठला? तर ज्याच्याविषयी गावभर बोललं जात होतं तो, एक तेलुगू सिनेमा. अध्यक्षांनी त्याचं फक्त पोस्टर पाहिलं होतं. पांढरेशुभ्र कपडे घातलेला पुढारी, हात जोडलेले, मागे अफाट गर्दी. लोकनेत्याचा जीवनपट असणार, आणि बघता बघता लोकांना आपली आठवण येणार, असा हिशेब. पोस्टरवर गर्दीच्या मागे लाल लाल शिंतोडे होते, ते त्यांनी सूर्योदय म्हणून सोडून दिले.

आता तेलुगूचं. बावीस वर्षांपूर्वी अध्यक्षांची बदली तेलुगू मुलखात झाली होती, चार वर्षांसाठी. तेव्हापासून 'मला तेलुगू मातृभाषेसारखं येतं' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी त्यांचाही त्यावर विश्वास बसला. प्रत्यक्षात त्यांना तीन शब्द येत होते : अवुनु, लेदु, रेपु. म्हणजे हो, नाही, उद्या. (ह्या तीन शब्दांवर कुठल्याही भाषेत नोकरी करता येते. त्यांनी केली होती.)

"अहो बाबा, दोन तासांचा सिनेमा आहे," मुलगी म्हणाली. ती कॉलेज अर्धवट सोडून घरी बसली होती, त्यामुळे तिला काही कळत नाही असं घरात ठरलं होतं. "अक्षरं लावलेली बरी."

"लोकांनी सिनेमा बघायचा की वाचत बसायचं? मी माईकवर सांगत जाईन. भावार्थ."

मुलीनं आईकडं पाहिलं. आईनं मटारच्या शेंगांची पिशवी उचलली आणि "चला," म्हणाली.

*

हॉलमध्ये पांढरी चादर ताणली होती. अडतीस खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत मांडीवर भांडं घेऊन अध्यक्षांची बायको, जिला अख्खी इमारत 'वहिनी' म्हणायची. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई. मागे हजेरी सर. ते शाळेतून निवृत्त झाले, तरी कुठेही गेले की कोण आलंय, कोण नाही ते मोठ्यानं मोजत. आणि दाराजवळ दातांचे डॉक्टर, पायावर पाय टाकून, तोंड न उघडता हसत.

सिनेमा सुरू झाला. पुढारी व्यासपीठावर उभा राहून गरजत होता. त्याच्यामागे नदीवर एक अर्धा पूल लटकत होता.

"ते म्हणतात," अध्यक्ष माईकमध्ये म्हणाले, "की जनतेची सेवा हाच माझा श्वास आहे."

"आणि पूल?" हजेरी सरांनी विचारलं. "तो कधीचा अर्धा आहे?"

"काम चालू आहे," अध्यक्षांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"लिफ्ट!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हॉल असा हसला की चादर हलली.

पडद्यावर पुढाऱ्याच्या बायकोनं त्याला पाण्याचा पेला दिला. तो गटागटा प्यायला, छातीवर हात ठेवला, डोळे फिरवले आणि व्यासपीठावरून आडवा खाली आला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. नुसत्या टाळ्या नाहीत. चौथ्या मजल्याच्या मंडळींकडून शिट्टीही आली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. लोकनेता दहाव्या मिनिटाला पडला होता आणि अजून पावणेदोन तास बाकी होते.

"ते... जरा विश्रांती घेतायत," ते म्हणाले.

पडद्यावर दोघांनी पुढाऱ्याच्या तोंडावर कापड ओढलं.

"गाढ विश्रांती," दाराकडून डॉक्टर म्हणाले.

मग इन्स्पेक्टर आला. त्यानं पेला उचलून वास घेतला, भुवया चढवल्या आणि हवालदाराशी काहीतरी बोलला.

"इन्स्पेक्टरला तहान लागली आहे," अध्यक्षांनी सांगितलं.

पुढं इन्स्पेक्टरनं ड्रायव्हरला कॉलर धरून भिंतीवर दाबलं आणि दोन मिनिटं त्याच्यावर खेकसला. ड्रायव्हर ढसाढसा रडत बोलत सुटला. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी घसा खाकरला.

"तो विचारतोय, गाडी ॲव्हरेज किती देते?"

नेमक्या त्याच वेळी पहिल्या रांगेत वहिनींच्या हातातली शेंग थांबली. "अगं बाई!" त्या पुटपुटल्या. "मेल्यानं भावालाच विकलं की!"

शिवणकामाच्या ताईंनी मान वळवली. एकदा माईककडे पाहिलं, एकदा मटारकडे. मग त्यांनी शेजारणीला कोपर मारलं आणि शेजारणीनं पुढचीला.

त्यानंतर हॉलमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. पडद्यावर काय चाललंय ते लोक बघत आणि कळत नसलं की वहिनींकडे बघत. वहिनी भराभर सोलायला लागल्या की धोका आहे. हात थांबला की खून. दाणा तोंडात टाकला की विनोद. इकडे माईकवरून "तो म्हणतो, हवा छान आहे" असं येत होतं, तिकडे वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि लोक वहिनींबरोबर हसत होते. खुर्च्या सरकण्याचे आवाज यायला लागले. हळूहळू अडतीस खुर्च्यांची तोंडं चादरीकडून भांड्याकडे वळली. माईककडे फक्त पंखा तोंड करून होता.

"वहिनी," हजेरी सर न राहवून म्हणाले, "काय म्हणाला हो तो?"

"मला काय माहीत," वहिनी म्हणाल्या. "सांगतायत ना हे."

इथे अध्यक्षांना गप्प बसता आलं असतं. पण ज्या माणसाला गप्प बसता येतं तो अध्यक्ष होत नाही.

"तिला काय विचारता?" ते माईकवरून हसले. "तिला काय कळतंय त्यातलं! मटार सोलतेय ती."

वहिनींनी हातातली शेंग सोलून पुरी केली. दाणे भांड्यात टाकले, भांडं ताईंच्या मांडीवर ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्या उभ्या राहिल्या.

"इन्स्पेक्टर म्हणाला," त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या माणसाला कुणी मारलं हा प्रश्नच नाही. अकरा वर्षं कुणी मारलं कसं नाही, हा प्रश्न आहे."

(हे वाक्य सिनेमात खरंच होतं की वहिनींनी पदरचं घातलं, हे अजून कुणाला कळलेलं नाही. कुणी शोधायलाही गेलं नाही.)

हॉल अक्षरशः उठला. हजेरी सर खुर्चीवर चढले, दातांचे डॉक्टर इतके हसले की त्यांची एक कवळी असल्याचं अकरा वर्षांत पहिल्यांदा उघडकीला आलं. हसणं ओसरल्यावर ताई म्हणाल्या, "माईक द्या त्यांना!" आणि अध्यक्षांच्या हातातून माईक कुणी काढून घेतला तेही त्यांना समजलं नाही.

मग वहिनींनी सिनेमा सांगितला. इन्स्पेक्टरचा घोगरा आवाज, ड्रायव्हरचं हुंदके देणं, विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचं तोंडात साखर ठेवून बोलणं, सगळं. एकदा तर पडद्यावरचा हवालदार चुकीच्या दारात शिरला तेव्हा त्यांनी त्याला तेलुगूत शिवी हासडली, आणि काहीही न कळता सगळ्यांना ती कळली.

शेवटी खुनी सापडला. बायकोच. इन्स्पेक्टरसमोर बसून ती शांतपणे बोलत होती.

"ती म्हणते," वहिनी तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तीस वर्षं मी ह्या माणसाची भाषणं ऐकली. मैदानावर लोक तासानं घरी जातात. मी जाणार कुठं? तो माझ्याच घरी यायचा."

बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरुष आपापल्या चपला शोधायला लागले.

अध्यक्षांच्या घशाला कोरड पडली होती. ते खोकले. वहिनींनी बोलता बोलताच तांब्यातून पाणी ओतलं आणि न बघता पेला त्यांच्यापुढे धरला.

अडतीस माणसं पेल्याकडे बघत होती.

"पिऊ नका!" डॉक्टर ओरडले.

अध्यक्षांनी पेल्यात पाहिलं. बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांत तिनं दिलेलं पाणी त्यांनी कधी बघून प्यायलं नव्हतं. डोळे मिटून त्यांनी दोन घोट घेतले. काही झालं नाही. हॉलमध्ये थोडी निराशा पसरली.

*

"तुला तेलुगू येतं?" घरात आल्या आल्या त्यांनी विचारलं.

"तिथे दूधवाल्याशी कोण बोलायचं?" वहिनी म्हणाल्या. "भाजीवाली, नळवाला, घरमालकीण, हिची शाळा?"

"मी."

"तुम्ही मागे पिशवी धरून उभे असायचात."

"काहीतरीच! मग इतक्या वर्षांत कधी बोललीस कशी नाही?"

"रोज बोलते की. घरमालकीणबाईंचा फोन येतो दुपारी."

"मला कसा ऐकू आला नाही?"

"बाबा, तुम्ही घोरत असता," मुलगी म्हणाली. "आणि मी अक्षरं लावू का, म्हणून विचारलं होतं."

पुढच्या रविवारी निवडणूक झाली. डॉक्टरांनी आपण होऊन नाव मागे घेतलं आणि हजेरी सरांनी वहिनींचं सुचवलं. दर बिऱ्हाडाला एक मत. सोळापैकी पंधरा वहिनींना पडली. अध्यक्षांना एक पडलं तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाली. इमारतीत आपला एक तरी निष्ठावान माणूस आहे तर! दोन दिवस ते जिन्यात भेटेल त्याच्याशी डोळ्यानं खूण करून बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या घराचं मत टाकायला वहिनी गेल्या होत्या.

लिफ्ट नवव्या दिवशी सुरू झाली. 'काम चालू आहे' ही पाटी वहिनींनी काढून घरी आणली आणि अध्यक्षांच्या आरामखुर्चीच्या पाठीला अडकवली. (मुलीनं अडकवली असंही म्हणतात.) सकाळी ते अजून इस्त्रीचा शर्ट घालतात. दारावर कुणी "अध्यक्ष आहेत का?" म्हणून आलं की लगबगीनं उठतात, दार उघडतात आणि म्हणतात, "थांबा, बोलावतो."

दुपारी मात्र ते हल्ली झोपत नाहीत. परवा फोन आला तेव्हा डोळे मिटून, कान टवकारून पडून राहिले. वहिनी पाऊण तास तेलुगूत बोलल्या. मध्ये चार वेळा त्यांच्याकडे बघून हसल्या. शेवटी तर हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

फोन ठेवल्याबरोबर अध्यक्ष उठून बसले. "काय म्हणाली ती? माझ्याविषयी होतं ना? सांग ना काय ते!"

वहिनींनी डोळे पुसले, चष्मा घातला, लिफ्टच्या कागदांवर सही केली आणि म्हणाल्या, "रेपु."

एवढं मात्र त्यांना कळलं.