चुडामणभाऊंच्या वायफायवरील घुसखोर

आपल्या घरात कोण कोण आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने स्वतःला घरमालक म्हणवू नये. बुऱ्हाणपूरच्या चुडामणभाऊंना हे पक्कं माहीत होतं. कागद कारखान्याच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं वस्तू मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर मोजायला उरल्या दोघी, पत्नी रंभाबाई आणि मुलगी प्रतिभा. (मोजणीत रोज बरोबर येत.)

म्हणून वायफायवरची उपकरणं दाखवणारं ॲप मोबाइलवर आलं, तेव्हा त्यांना पुन्हा नोकरी लागल्याचा आनंद झाला. घरात उपकरणं चार: तीन मोबाइल आणि प्रतिभाचा लॅपटॉप. ॲपने दाखवली एकोणीस. यादीच्या वर बारीक अक्षरांत नेटवर्कचं नावही होतं. पण अनुभवी भांडारपाल मथळ्यात वेळ घालवत नाही.

म्हणजे एकोणऐंशी टक्के घुसखोरी. त्यात चार कॅमेरे! भाऊंनी ते पंख्यात, देव्हाऱ्यात, तूरडाळीच्या डब्यात शोधले. सापडले नाहीत, अर्थात फार हुशारीने लपवले होते. त्या दिवसापासून भाऊ भर मे महिन्यात घरात कॉलरचं बटण लावून बसू लागले.

"काय करून राहिले हो तुम्ही?" रंभाबाईंनी विचारलं.

"सांभाळून बोल. रेकॉर्डिंग चालू आहे."

एक उपकरण 'आईचा फोन' असं नाव लावून बसलं होतं. भाऊंच्या आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. भाऊंनी त्याला हात जोडले आणि मग संशयितांत टाकलं.

पासवर्ड फुटला कुठून, हेही त्यांनी शोधलं: विरजणातून. गल्लीत वाटी घेऊन आलेल्या बाईला नाही म्हणत नाहीत. दह्याच्या चमच्यासोबत पासवर्डही गेला असणार. विरजण तात्काळ बंद झालं. शेजारची शांता रिकामी वाटी घेऊन परत गेली, आणि रंभाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पप्पा, छोडो ना," प्रतिभा म्हणाली. "नेट चालतंय ना?"

"चालतंय. पण कोणाच्या जिवावर?"

प्रतिभा एकदम गच्चीवरचे कपडे आणायला गेली. (कपडे वाळत घातलेलेच नव्हते.)

बुधवारी चार वाजता तिची इंदूरच्या कंपनीची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. दोन फेऱ्या पार झाल्या होत्या, ही शेवटची. पोरीच्या वाटेत एकही घुसखोर नको, असं भाऊंनी ठरवलं. यादीत एक प्रिंटरही होता. भाऊंनी त्यावरच नोटीस छापायला सोडली: "सर्व अनोळखी उपकरणांस कळविण्यात येते की आपली मोजणी झाली आहे. चार वाजण्यापूर्वी आपणास हटविण्यात येईल. हुकुमावरून, घरमालक." प्रती पंचवीस. (कारखान्यात तेवढ्याच काढत.)

तीन पन्नासला नेट गेलं.

"पप्पा, ये क्या कर दिया!" प्रतिभा रडायलाच लागली. "दिवाळीला रंगाऱ्याने आपली वायर कापली. तुम्ही त्याला धरून बसाल म्हणून बोलले नाही. तेव्हापासून आपण शांतामावशीचं नेट वापरून राहिलो. विरजण आणायला गेले, तेव्हाच पासवर्ड आणला होता."

भाऊंनी वायफायच्या पेटीवरचं क्रोशाचं झाकण उचललं. पेटी सहा महिन्यांपासून गाढ झोपेत होती.

तेवढ्यात शांताचा नवरा नंदकुमार पंचवीस कागद घेऊन ओट्यावर आला. त्याच्या घरामागे पॉवरलूमची शेड होती. चार कॅमेरे तिच्यावरच होते. "भाऊ, आज प्रिंटरनेच मला नोटीस दिली! मोजले तर पाच अनोळखी निघाले. लगेच पासवर्ड बदलला. बरोबर केलं ना?"

"उत्तम," भाऊ म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत असा चोख अंमल त्यांनी पाहिला नव्हता.

तीन पंचावन्नला चुडामणभाऊ, कॉलरचं बटण लावून, हातात रिकामी वाटी घेऊन शांताच्या दारात उभे होते. "विरजण मिळेल का, वहिनी?" शांताने वाटीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि चमचाभर दह्यासोबत चिठ्ठीही दिली. तीन अठ्ठावन्नला प्रतिभा जोडली गेली, आणि भाऊ चक्क नाचले.

आता नंदकुमारच्या यादीत चुडामणभाऊंची चार उपकरणं रीतसर नावानिशी आहेत. पाचव्याचा मालक मात्र सापडत नाही. पासवर्ड बदलला तरी ते तासाभरात परत आलं. दोघांनी मिळून मोजणी हाती घेतली आहे. तुम्ही हे मोबाइलवर वाचत असाल, तर हसणं जरा थांबवा आणि वरच्या ओळीत नेटवर्कचं नाव वाचा. तोवर कॉलरचं बटण लावून घ्या.