भिंतीपलीकडचा फुगा

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात सकाळी कोणी वाटी घेऊन दारात आलं, की ताक नाहीतर विरजण मागायला आलं समजायचं. शेजारचे खंडूआप्पा मात्र भेंडीची देठं मागायचे. "ताई, भेंडी चिरली का? देठं फेकू नका. भिजवून बुळबुळीत पाणी काढायचंय."

साबणाच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसानं पारावर बसावं, चार लोकांची निंदा करावी. आप्पा अंगणात बसून तारेच्या कड्यातून साबणाचे फुगे काढायचे! शोभतं का या वयात? वर आम्हालाच शाळा. "निस्ता साबण तग धरत न्हाई. फुग्याच्या पडद्यातलं पाणी खाली उतरतं, पडदा पातळ व्हतो, आन् फट्! कायतरी चिकट घाला, मंग पाणी दमानं उतरतं."

एकदा डिंक जास्त पडला. फुगा निघेचना, कड्याला नुसती लाळ लोंबली. पाणी वाया जाऊ नये म्हणून आप्पांनी त्यातच धोतर धुतलं. वाळल्यावर ते भिंतीला टेकून उभं राहिलं! तेच नेसून आप्पा करकर करत बाजाराला गेले. मी हसून हसून मेले.

सगळा खटाटोप मधल्या भिंतीपायी. पलीकडे धाकटा भाऊ धोंडिबा. वाटणी झाल्यापासून दोघांत अबोला. धोंडिबाची नात चिमी जीपमधून पडली होती, कमरेपर्यंत प्लॅस्टर, दिवसभर अंगणात बाजेवर. आप्पांचा त्या पोरीवर भारी जीव.

"आप्पा, बघून या की सरळ. दार उघडंच असतं."

"त्या दारात मी पाय ठेवायचा न्हाई. फुगा जाईल."

हट्टी म्हातारा! फुगा भिंतीपर्यंत जायचा आणि उन्हात फुटायचा. रोज नवं पाणी, रोज फट्. पलीकडून चिमीचं "गेला..." ऐकू यायचं. मलाच वाईट वाटायचं.

एका सकाळी भिंतीवर एक वाटी आली. मागून धोंडिबाचा आवाज, इतक्या वर्षांनी.

"दादा, जवस भिजवलंय. ह्ये घालून बघा. पोर उजाडल्यापासनं वर बघत पडलीय."

 आप्पांनी वाटी उचलली, तारेचं कडं घेतलं आणि चपला न घालताच निघाले.

"आप्पा, अहो फुगा?"

"तितंच जाऊन काढतो. भिंतीवरनं लई फुटत्यात."

दुसऱ्या दिवशी मी देठं बाजूला काढून वाट बघत बसले. म्हातारा आलाच नाही.