मेश्राम सरांची तपासणी

आमचे शेजारी मेश्राम सर कोणतीही वस्तू गुण दिल्याशिवाय वापरत नाहीत. नाचणगावच्या चौकातला आलुबोंडा असो की एसटीची सीट, हे निवृत्त मास्तर आधी न्याहाळणार, मग निकाल सांगणार. "आधी तपासू, मंग मानू!" निवृत्तीनंतर त्यांना सुतारकामाचा छंद लागला. त्यांनी केलेले सगळे पाट डुगडुगतात. त्या पाटांना मात्र कोणी गुण द्यायचे नसतात.

मुलानं पुण्याहून त्यांच्या मोबाइलवर हौशी सुतारांच्या मासिकाचं ॲप टाकून दिलं होतं. सरांनी ते तपासायला घेतलं नेमकं सावंगीच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेर. आत डॉक्टर सरांच्या बायकोच्या, शालूकाकूंच्या हृदयाची झडप बदलत होते. मुलगा अजून पुण्याहून येणाऱ्या गाडीत होता. सोबतीला मी.

"पाह्य, पान उलटलं का फर्र वाजते. कागद कुठी हाय? मार्क कटले."

मी मान हलवली. माझं लक्ष दारावरच्या लाल दिव्याकडे.

"मापं सारी मिलिमीटरमंदी. आपलं सूत-इंच कुठी गेलं?"

डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टळून गेली. एक नर्स धावत बाहेर आली, रक्ताच्या पिशव्या घेऊन तशीच आत गेली. सरांचा आवाज चढला.

"अन् नेट गेलं का मासिक बंद! रंधा अर्ध्यात ठेवून का टॉवरखाली जाऊन बसू?"

बाकावरची माणसं वळून पाहू लागली.

"सर, जरा हळू."

"काऊन हळू? चूक हाय तं हाय!"

तेवढ्यात दार उघडलं. "शालू मेश्राम यांच्यासोबत कोण आहे?"

सर उठलेच नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "तू जाय बापा. मले एवढं पान पाहू दे."

मी गेलो. रक्त थांबत नव्हतं, आता थांबलंय, धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. मी परत येऊन ते सांगितलं तेव्हा सर मोबाइल खिशात ठेवू लागले. त्यांना खिसाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी काकूंना भेटू दिलं. त्यांचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"जेवले का तुमी?"

"हो," सर धडधडीत खोटं बोलले.

"मंग हात काऊन थरथरून राह्यला?"

"एसी लय हाय न इथी."

काकूंनी पांघरुणाची कड हळूच उचलली आणि सरांचा हात आत ओढून घेतला.