पाहुण्यांसाठी सिगारचा कटर

उभ्या सांगवीत सिगार कापायचा कटर असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. नाहीतर नकोच, मीच सांगतो.

सत्त्याण्णव साल असेल. आमच्या राजनंदिनीला बघायला इंदापूरचे मोहनराव येणार होते, मुलाला, रविराजला, घेऊन. पोरीनं पोराचा फोटो पाहिला आणि दिवसभर आपली एकटीच हसत होती! म्हटलं, काय वाटेल ते होवो, हे स्थळ सोडायचं नाही. त्यात मध्यस्थानं कानात सांगितलं, "मोहनराव बोटीवर नोकरीला व्हते. तोंडात सिगार असल्याबिगर बोलत न्हाईत."

झालं! मी तडक पुणं गाठलं. कॅम्पातल्या दुकानदारानं एक सिगार दिली आणि दोन कटर पुढं ठेवले. एक कात्रीसारखा. दुसरा चपटा, मध्ये भोक, दोन्हीकडं बोटं घालायला कड्या. सिगारचं बंद टोक भोकात घालायचं, कड्या दाबायच्या, खट! काम फत्ते. कात्रीला मी हातही लावला नाही. आमची मेंढरं होती तेव्हाच्या कातरी अजून माळ्यावर गंजत पडल्यात, त्यात आणखी एक कशाला? चपटाच घेतला. येताना एसटीत शेजारच्याला दाखवला, कंडक्टरला दाखवला, बारामतीला उतरल्यावर रसवंतीवाल्यालाही दाखवला!

घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो उलटापालटा करून बघितला.

"कशाला रं ह्यो?"

"सिगारचं टोक कापायला, आबा."

"त्येला यंत्र? दातानं तोडायचं की!"

"तुमाला दात कुठं हायेत?"

"म्हणून तर म्हणतो, ह्यो मलाच बरा हाय."

मी कटर काढून घेतला. सिगार एकच, म्हणून भेंड्यांवर सराव केला. खट खट खट! आमची साखर, म्हणजे बायको, म्हणाली, "आवं, भाजी चिरून झाली! पाव्हणं गेल्यावर ह्यो चुलीपाशीच ठेवा."

ठरल्या दिवशी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. राजनंदिनी पाटावर बसली. रविराज सतरंजीच्या रेघा बघत होता. मोहनरावांचा चेहरा मात्र दगडी.

मी समोर पानाचं तबक ठेवलं. त्यात सुपारी अख्खी! आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून सुपारी फोडतात, आणि एकदा फोडली की माघार नाही. होकाराआधी कुणी चुकून फोडू नये म्हणून अडकित्ता मी मुद्दाम आत लपवला होता. हुशारी बघा! तबकाशेजारी ऐटीत सिगार आणि कटर मांडला आणि काडेपेटी आणायला आत गेलो.

बाहेर आवाज झाला, कटाक!

धावत आलो. आबांच्या हातात कटर, कटरात सुपारी!

"पाव्हणं, आमी अजून व्हय म्हणलो न्हाय," मोहनराव कडाडले, "आन तुमी सुपारी फोडताय?"

"फुटली कुठं?" आबा शांतपणे म्हणाले. "ह्योच मोडला!"

कटरचे दोन तुकडे आणि सुपारी ठणठणीत! मोहनरावांच्या कपाळावर आणखी आठ्या. "सुपारी फुटंना, म्हंजे हितं काय जमायचं न्हाय. चल रं रविराज."

पोरीचे डोळे भरले. "निदान सिगार तरी घ्या!" मी ओरडलो.

"डाक्टरनं कवाच बंद केलीया!"

आता संपलंच, म्हटलं. तोच राजनंदिनी उठली, तरातरा आत गेली आणि माझा लपवलेला अडकित्ता आणून मोहनरावांपुढं ठेवला.

"मामा, ह्यानं फुटंल."

रविराजनं पहिल्यांदाच मान वर केली, फसकन हसला आणि बापाला म्हणाला, "फोडा की, अण्णा!"

मोहनरावांनी पोराकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि असे हसले की पोट धरून खालीच बसले. सुपारी कडकन फुटली! साखर साखर वाटत सुटली, मी नाचायचा तेवढा बाकी होतो!

मग आठवलं, सिगार कुठाय? तबकाजवळ तर नव्हती. बघतो तर आबा कोपऱ्यात बसून तळहातावर चुना लावून काहीतरी मळत होते. निम्मं तोंडात गेलंसुद्धा होतं.

"तंबाखू झ्याक हाय, दादासो," ते म्हणाले. "पर पुढच्या बारीला असा गुंडाळलेला आणू नगंस. सोडवताना नखं दुखली!"